परसातला सुतार पक्षी: कुठं बसायचं, काय ऐकायचं, काय टिपायचं

सुतार पक्षी बागेत यावा म्हणून काय खायला ठेवायचं, असं बरेच जण विचारतात. काही ठेवू नका. बाजरी, तांदूळ, राळा यांकडे तो ढुंकूनही बघत नाही. थंड देशांत लोक जाळीच्या पिंजऱ्यात चरबीच्या वड्या टांगतात. आपल्याकडच्या एप्रिलच्या उन्हात ती चरबी वितळेल, खवट होईल आणि तिच्यावर कावळे जमतील. सुतार पक्ष्याला हवं असतं जुनं लाकूड, सालीखालच्या अळ्या, मुंग्या आणि वाळवी. त्यामुळे त्याचं निरीक्षण दुर्बिणीपासून सुरू होत नाही, तुमच्या आवारातल्या वठलेल्या फांदीपासून होतं. ती फांदी कोणी छाटली असेल तर पुढचं सगळं अवघड.

आधी फांदी राखा

आवारात एक चक्कर मारा आणि प्रत्येक झाडाच्या वाळक्या फांद्या बघून ठेवा. शेवगा, पांगारा, सावर, जुना आंबा, गुलमोहर यांचं लाकूड मऊ असतं किंवा लवकर कुजतं, म्हणून सुतार तिथं हमखास येतात. शेंडा गेलेला नारळ उभा असेल तर उत्तमच. कोकणात अशा उभ्या वाळक्या माडावर एकाखाली एक तीन-चार ढोल्या दिसतात. फांदीवर अळंब्या उगवलेल्या दिसल्या तर ती फांदी मनात पक्की धरा. बुरशीनं आतलं लाकूड भुसभुशीत होतं आणि सुतार कोरायला अशीच जागा निवडतो.

वाळकी फांदी राखायची म्हणजे डोक्यावर धोका टांगायचा असं नाही. खाली वाट असेल, विजेची तार असेल, गाडी लावायची जागा असेल, तर फांदी उतरवलीच पाहिजे. पण ती खोडापासून साफ न कापता दीड-दोन मीटरचा बुंधा ठेवून कापता येते. मनगटाएवढ्या जाड फांदीवर तो फक्त खाणं शोधेल. ढोली करायला किमान मांडीएवढी जाडी लागते, आणि सोनपाठीसारखा मोठा सुतार तर त्याहून जाड खोड पसंत करतो. कापून काढलेला ओंडका टाकून देऊ नका. जिवंत झाडाच्या खोडाला तो काथ्याच्या दोरीनं उभा बांधा (तार नको, ती सालीत रुतते). जमिनीवर ओंडक्यांचा लहानसा ढीग ठेवायचा असेल तर घराच्या भिंतीपासून लांब ठेवा, कारण त्यात वाळवी येणार आणि ती यावी हाच तर हेतू आहे.

लाकडी पेटी टांगावी का? दयाळ किंवा साळुंकी तिच्यात राहायला येईल. सुतार आपली ढोली स्वतः कोरतो, तयार घर त्याला सहसा नको असतं. त्यापेक्षा मातीच्या पसरट भांड्यात दोन बोटं पाणी ठेवा आणि ते रोज बदला. उन्हाळ्यात सुतार पाण्यावर येतो, आणि खोडाला बिलगलेला नसताना, मोकळ्यात, तो नीट दिसण्याचे प्रसंग तसे कमीच.

फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांनी हळहळू नये. दुसऱ्या-तिसऱ्या मजल्याची बाल्कनी झाडाच्या शेंड्याच्या पातळीला येते, आणि सुतार तिथंच जास्त वावरतो. खालून मान वर करून बघणाऱ्याला पोट आणि शेपटी दिसते, बाल्कनीतून पाठ आणि डोकं. ओळख पटते ती पाठीवरून आणि डोक्यावरून.

आलेला कोण आहे?

महाराष्ट्रात घराजवळ सर्वांत जास्त दिसतो तो सोनपाठी सुतार. साळुंकीपेक्षा चांगलाच मोठा, २६ ते २९ सेंटिमीटर. पाठ झगझगीत सोनेरी-पिवळी, गळा काळा आणि त्यावर पांढरे ठिपके, शेपटीच्या वरची कंबर काळी. नराचा सगळा माथा आणि तुरा लाल असतो. मादीचा तुराच तेवढा लाल, कपाळाचा भाग काळा आणि त्यावर बारीक पांढरे ठिपके. हा फरक बागेच्या दुसऱ्या टोकावरूनही कळतो, म्हणून पहिल्याच दिवशी तो पाठ करून टाका. नर आणि मादी वेगळे ओळखता आले की अर्धी वही आपोआप भरते.

सह्याद्रीलगत, दाट झाडीच्या गावात राहत असाल तर कंबर मुद्दाम तपासा. तिथं याच्यासारखाच सोनेरी पाठीचा, जरा मोठा आणि लांब चोचीचा दुसरा सुतार असतो. त्याची कंबर लाल असते आणि गळ्यावर ठिपक्यांऐवजी काळ्या रेघा असतात.

दुसरा नेहमीचा पाहुणा म्हणजे मराठा सुतार. इंग्रज पक्षिशास्त्रज्ञ जॉन लॅथमनं १८०१ साली त्याचं वर्णन केलं, तेव्हा त्याच्या शास्त्रीय नावातच मराठा मुलूख आला: महरट्टेन्सिस. हा बुलबुलापेक्षाही थोडा लहान, १७-१८ सेंटिमीटरचा. काळपट-तपकिरी पाठीवर पांढरे ठिपके, कपाळ पिवळं, पोटावर लालसर डाग. नराच्या डोक्याच्या मागच्या बाजूला लाल रंग असतो, मादीच्या डोक्यावर लाल अजिबात नसतो. बाभूळ, बोर, आंबा, कडुनिंब अशा विरळ झाडीत तो राहतो आणि आवाज बेताचाच असल्यामुळे कित्येक घरांमागे वर्षानुवर्षं असूनही कुणाला माहीत नसतो. तिसरा अगदी चिमणीएवढा, तपकिरी डोक्याचा छोटा सुतार. बारीक फांद्यांवर फिरतो आणि हिवाळ्यात इतर पक्ष्यांच्या घोळक्यातून येतो.

आता ज्यांच्यामुळे गोंधळ होतो ते. हुदहुद म्हणजे डोक्यावर पंखा उघडणारा, लांब वाकड्या चोचीचा पक्षी. हिरवळीवर टोचत फिरतो म्हणून त्याला सर्रास सुतार म्हणतात, पण सुतारांशी त्याचा जवळचा संबंध नाही आणि तो खोडावर चढत फिरत नाही. तांबट फसवतो तो आवाजानं. उंच शेंड्यावर बसून तासन्‌तास एकाच लयीत ‘टुक टुक टुक’ करतो आणि लोकांना वाटतं सुतार लाकूड ठोकतोय. तो घशातून येणारा आवाज आहे. तांबट हिरवा असतो, चोच आखूड आणि जाड, कपाळ लाल. तो वड-उंबराची फळं खातो. मात्र वाळक्या फांदीत गोल भोक तोही कोरतो, त्यामुळे नुसतं भोक बघून सुतार आहे असं लिहू नका. मालक दिसेपर्यंत थांबा.

कुठं बसायचं, कधी बसायचं

सूर्य उगवल्यापासून पहिले दोन-अडीच तास सर्वांत चांगले. दुपारी सुतार गप्प असतो. मावळतीच्या आधी अर्धा-पाऊण तास पुन्हा बसा, कारण तो रात्री ढोलीत झोपतो आणि झोपायच्या जागेकडे परतताना बराच ओरडतो. ही झोपायची ढोली एकदा सापडली की मोठी सोय होते. सकाळी तो कुठून निघतो ते कळतं आणि त्याच्या फेरीचा माग काढता येतो.

पाठीवर ऊन घेऊन बसा. झाडाच्या मागून ऊन आलं तर सोनेरी पाठसुद्धा काळी दिसते. खुर्ची भिंतीला किंवा झुडपाला टेकवून ठेवा, म्हणजे आकाशाच्या पार्श्वभूमीवर तुमची आकृती उठून दिसणार नाही. कपडे मळकट हिरवे, खाकी, राखाडी. पांढरा सदरा घालू नका.

सुतारानं तुम्हाला बघितलं की तो उडून जाण्याऐवजी खोडाच्या पलीकडे सरकतो. तुम्ही उजवीकडे गेलात की तो डावीकडे. या लपंडावात त्याच्यामागे फिरणाऱ्याला काही दिसत नाही. आहात तिथंच बसा. बहुतेक वेळा काही मिनिटांत खोडाच्या कडेनं आधी चोच, मग एक डोळा बाहेर येतो, आणि तुम्ही हललेले नाही अशी खात्री झाली की तो पुन्हा कामाला लागतो.

दुर्बीण घेणारच असाल तर ८×४२ घ्या. आठ म्हणजे आठ पट जवळ आणि बेचाळीस म्हणजे पुढच्या भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये. सकाळच्या मंद उजेडात मोठं भिंग उपयोगी पडतं, आणि दहापट मोठं दाखवणारी दुर्बीण हातात थरथरते. पण तोवर थांबू नका. दहा-पंधरा मीटरवरच्या सोनपाठीची जवळपास प्रत्येक हालचाल नुसत्या डोळ्यांनी कळते.

कान तयार करा

सुतार आधी ऐकू येतो, मग दिसतो. सोनपाठीची ओरड म्हणजे खिंकाळल्यासारखं एकसलग, कर्कश हसू. बऱ्याचदा उडताना ओरडतो, त्यामुळे आवाज आला की मान वर करून उडणारा पक्षी शोधा. चार-दोन वेळा पंख मारायचे, मग पंख मिटून घ्यायचे, अशा उडण्यामुळे तो वर-खाली झोके घेत जातो. मराठा सुताराचा आवाज बारीक, ‘क्लिक क्लिक’ असा, कधी शेवटी ‘र्र्र्र’ ओढलेला.

चोचीचे आवाज मात्र तीन प्रकारचे असतात आणि ते वेगवेगळे ओळखायला शिकणं हाच या छंदाचा गाभा आहे.

खाणं शोधतानाचे ठोके हलके आणि अनियमित असतात. दोन ठोके, थांबा, एक ठोका, जागा बदल, पुन्हा तीन. मधल्या थांब्यात त्याचं डोकं तिरकं झालेलं दिसेल.

ढोली कोरतानाचे ठोके जड आणि मंद, एकाच जागी, बराच वेळ. पाच-दहा ठोके मारून तो थांबतो, चोचीनं भुसा बाहेर टाकतो, इकडेतिकडे बघतो, पुन्हा सुरू. कोरणं आत गेलं की आवाज दबल्यासारखा येतो.

तिसरा आवाज ढोल वाजवल्याचा. एकदम जोरात आणि इतक्या वेगानं की ठोके वेगळे मोजता येत नाहीत. कित्येक जातींत सेकंदाला पंधरा-वीस ठोके पडतात. त्यात खाण्याचा किंवा कोरण्याचा काही संबंध नसतो. ही जागा माझी आहे, हे शेजारच्या सुताराला आणि जोडीदाराला कळवण्याची ती रीत. त्यासाठी तो चांगली घुमणारी पोकळ वाळकी फांदी निवडतो, प्रसंगी पत्र्याची पन्हाळ किंवा खांबही. आपल्या बागेत सोनपाठीची ओरडच जास्त ऐकू येते, ढोल कमी, म्हणून जानेवारीपासून पुढं असा आवाज आलाच तर तारीख आणि वेळ लगेच टिपा. विणीचा हंगाम जवळ आल्याची ती खूण आहे.

मोबाईलवर आवाज जरूर रेकॉर्ड करा. पण रेकॉर्ड केलेला किंवा उतरवून घेतलेला आवाज पक्ष्याला ऐकवून जवळ बोलवू नका. तो त्याला प्रतिस्पर्धी समजतो, खाणंपिणं आणि अंडी सोडून भांडायला येतो. विणीच्या दिवसांत याची किंमत त्याची पिल्लं मोजतात.

खाताना जवळून बघा

एकच पक्षी, एकच खोड, आणि सलग दहा मिनिटं. यादी वाढवण्यापेक्षा हे दहापट मोलाचं आहे.

सोनपाठी खोडाच्या खालच्या भागावर उतरतो आणि उड्या मारत, खोडाला वळसे घालत वर चढतो. पायाची दोन बोटं पुढं आणि दोन मागं वळलेली, शेपटीची ताठ पिसं सालीवर टेकवलेली. दोन पाय आणि शेपटी या तिन्हींवर तोलून मारलेला ठोका वाया जात नाही. खाली यायचं झालं तर तो शेपटीकडून मागं मागं सरकतो, डोकं खाली करून उतरत नाही. डोकं खाली करून उतरणारा निळसर छोटा पक्षी दिसला तर तो शिलिंध्री.

आता चोचीकडे बघा. कलिंगड घेताना आपण टिचकी मारून ऐकतो तसं तो ठिकठिकाणी टकटक करत जातो. सालीखाली पोकळी असेल तिथला आवाज वेगळा येतो. तिथं तो थांबतो, डोकं एका बाजूला कलतं करतो आणि मग सालीच्या फटीत चोच तिरकी घालून कपचा उडवतो. समोरून न मारता बाजूनं मारलेल्या फटक्यानं साल सोलली जाते. खाली पडणाऱ्या कपच्या लांबट आणि चपट्या असतील तर हेच झालेलं असतं. मग चोच स्थिर होते आणि गळ्याशी बारीक हालचाल दिसते. जीभ आत गेलेली असते.

ही जीभ म्हणजे वेगळंच प्रकरण आहे. तिचा आधार असलेल्या लवचीक हाडांच्या दोन शाखा जबड्याखालून निघून कवटीच्या मागून वळसा घेऊन डोक्यावरून कपाळाकडे येतात. त्यामुळे चोचीच्या टोकापलीकडेही ती लांबवर बाहेर पडते. टोकाला मागे वळलेले बारीक काटे आणि वर चिकट लाळ. अळीच्या बिळात जीभ जाते आणि अळी अडकून बाहेर येते. दुर्बीण असेल आणि ऊन बाजूनं येत असेल तर जिभेचं टोक खरंच दिसतं.

इतके ठोके मारून डोकं दुखत नाही का? लहान मुलं हे हमखास विचारतात आणि मोठी माणसं सांगतात की कवटीत स्पंजसारखं हाड असतं, ते धक्का शोषून घेतं. हे उत्तर आता बदलायला हवं. बेल्जियममधल्या अँटवर्प विद्यापीठातल्या संशोधकांनी अतिवेगवान कॅमेऱ्यांनी तीन जातींचे ठोके तपासून २०२२ साली दाखवलं, की कवटी धक्का शोषत नाही. ती ताठ राहते आणि म्हणूनच ठोका जोरदार बसतो. धक्का शोषला गेला असता तर हातोडीलाच उशी बांधल्यासारखं झालं असतं. मेंदू सुरक्षित राहतो तो मुळात आकारानं लहान असल्यामुळे.

जमिनीकडेही लक्ष ठेवा. सोनपाठी मुंग्यांसाठी बिनदिक्कत खाली उतरतो आणि कुंपणाशी, वाळवीच्या वारुळाशी, पालापाचोळ्यात उड्या मारत फिरतो. अशा वेळी किती वेळा टोचलं आणि किती वेळ नुसता चाटत राहिला हे वेगळं लिहा. मुंग्यांची रांग सापडली की टोचणं जवळजवळ थांबतं. फेब्रुवारी-मार्चमध्ये पांगारा आणि सावर फुलल्यावर तो फुलांवर दिसला तर दचकू नका. मध तोही पितो.

वही कशी लिहायची

तारीख, वेळ, झाड, जमिनीपासून अंदाजे उंची, नर की मादी, काय करत होता, किती वेळ. एवढं पुरे. ‘सुतार दिसला, सुंदर होता’ या नोंदीतून सहा महिन्यांनी काही हाती लागत नाही. नोंद अशी असावी:

‘स. ७.२०. शेवगा, वाळकी फांदी, अंदाजे ४ मी. सोनपाठी मादी. साल सोलली, एकाच जागी ३ मिनिटं, पांढरी अळी. साळुंकी आली, मादी खोडामागे सरकली, उडाली नाही. ७.३१ नर पूर्वेकडून ओरडत आला, दोघं मिळून आंब्याकडे.’

क्रियांसाठी स्वतःचे शब्द ठरवून घ्या आणि तेच वापरा: टकटक, सोलणं, कोरणं, ढोल, चाटणं, दडणं, पिसं साफ करणं, हुसकावणं. शब्द ठरलेले असले की महिन्याच्या शेवटी नुसतं मोजून काढता येतं. सकाळी सोलणं जास्त की टकटक? नर उंच फांद्यांवर आणि मादी खोडावर, असं काही तुमच्या बागेत आहे का? पावसात ओली झालेली साल सोलताना तो कमी वेळ लावतो का? तुमच्या एका बागेची ही उत्तरं कुठल्याही पुस्तकात नाहीत.

हिवाळ्यात एक वेगळा रकाना हवा: सोबत कोण होतं? वल्गुली, सुभग, निखार, शिलिंध्री असा घोळका झाडावरून झाडावर सरकतो आणि त्यात छोटा सुतार किंवा मराठा सुतार असतो. घोळक्यात किती पुढं किंवा मागं तो असतो, इतर पक्षी घाबरून गप्प झाले की तोही थांबतो का, हे बघण्यासारखं आहे.

नोंदी ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर घातल्या तर त्यांचा उपयोग इतरांनाही होतो. फेब्रुवारीत जगभर चार दिवस परसातले पक्षी मोजण्याचा उपक्रम असतो, त्यात पंधरा मिनिटांची यादीही चालते. महाराष्ट्रात ५ ते १२ नोव्हेंबर हा पक्षी सप्ताह असतो. तेव्हा पाऊस सरलेला, विणीची गडबड नाही आणि पक्ष्यांना त्रास होण्याची भीती कमी. नव्यानं सुरुवात करणाऱ्यांनी तोच मुहूर्त धरावा.

ढोली सापडली तर

फेब्रुवारी ते मे हा जोराचा काळ, सोनपाठीची वीण जुलैपर्यंतही चालते. ढोली शोधायची तर आधी खाली बघा. झाडाखाली ताज्या, फिक्या रंगाच्या लाकडाच्या कपच्या आणि भुसा पडलेला असेल तर वर मान करा. सुतार ढोलीत गवत, कापूस काही आणत नाही, अंडी लाकडाच्या भुशावरच असतात. मराठा सुताराची ढोली बरेचदा तिरप्या फांदीच्या खालच्या अंगाला असते, म्हणून वरून पाहणाऱ्याला ती दिसतच नाही.

ढोली कळली की तुमची खुर्ची मागं न्या. किमान पंधरा मीटर. तुम्ही बसल्यावर पक्षी आत जायचं टाळत असेल, शेजारच्या फांदीवरून सारखा ओरडत असेल, तर पंधरा मीटरही कमी आहे. फांद्या वाकवून दृश्य मोकळं करू नका; त्या पानांमुळेच शिक्र्याला आणि कावळ्याला ढोली दिसत नाही. शिडी लावून आत डोकावणं, मोबाईल आत घालून फोटो काढणं, फ्लॅश मारणं, यातलं काहीही करायचं नाही. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ प्रमाणे अंड्यांना-घरट्यांना हात लावणं गुन्हा आहे, पण कायदा नसता तरी उत्तर तेच. आणि जागेचा फोटो ठिकाणासह सगळ्यांना पाठवू नका.

लांबूनसुद्धा भरपूर कळतं. नर-मादी आळीपाळीनं आत जातात. एक आला की आतला बाहेर पडतो, त्या अदलाबदलीच्या वेळा टिपत राहा. संध्याकाळी शेवटी कोण आत गेलं ते आवर्जून बघा, कारण बहुतेक सुतारांमध्ये रात्री अंड्यांवर नर बसतो. सोनपाठीची अंडी दोन-तीन, पांढरी चकचकीत. अकराएक दिवसांत पिल्लं निघतात आणि साधारण वीस दिवसांनी ढोली सोडतात. त्यामुळे फेऱ्या एकाएकी वाढल्या त्या दिवसापासून मोजायला लागलात तर पिल्लं केव्हा बाहेर पडतील याचा बऱ्यापैकी अंदाज बांधता येतो. आलेल्या पक्ष्याची चोच रिकामी दिसली म्हणून ‘भरवलं नाही’ असं लिहू नका. मुंग्या खाणारे सुतार खाणं गिळून आणतात आणि आत गेल्यावर पिल्लांना ओकून देतात. पिल्लं मोठी झाली की खोडातून सतत गुणगुणल्यासारखी किरकिर ऐकू येते.

शेवटच्या आठवड्यात मांजर घरात ठेवा. ढोलीबाहेर पडलेलं पिल्लू एक-दोन दिवस धडपडत उडतं, खालच्या फांद्यांवर बसून राहतं. जमिनीवर दिसलं तर उचलून घरात आणू नका. जवळच्या खोडावर, हात पोचेल तितक्या उंच, चिकटवून लांब व्हा. आईबाप आसपासच असतात.

छाटणी आणि भिरूड

या पक्ष्याचं आपल्याकडे सर्वांत मोठं नुकसान होतं ते एप्रिल-मेमध्ये. पावसाळ्याआधीची छाटणी म्हणून सोसायट्यांमध्ये, रस्त्याकडेला, शाळांच्या आवारात वाळक्या फांद्या सरसकट उतरवल्या जातात आणि नेमक्या त्याच फांद्यांत त्या वेळी पिल्लं असतात. शहरात झाड तोडायला, छाटायला पालिकेची परवानगी लागते. परवानगी असली तरी ढोलीत पिल्लं आहेत की नाहीत हे अर्जावरून कळत नाही. ते तुमच्या वहीवरून कळतं. म्हणून मार्चअखेरीस सोसायटीच्या समितीला एक यादी द्या: कोणतं झाड, कोणती फांदी, ढोली वापरात आहे का, आणि ती फांदी खरंच धोकादायक आहे का. धोकादायक नसलेली फांदी जुलैनंतर उतरवा म्हणावं. छाटणीवाले आल्यावर भांडण्यापेक्षा हे फार सोपं जातं, आणि माणसं ऐकतात. धोकादायक फांदी उतरवावीच लागते, पण तिच्यात पिल्लं असतील तर ती उडेपर्यंत तेवढा भाग दोरीनं बांधून आधार देता येतो का ते आधी बघावं.

दुसरी तक्रार बागायतदारांची: सुतारानं आंबा पोखरला, झाड जाणार. आंब्याच्या खोडातून भुसा बाहेर येतोय, साल फुटून डिंक ओघळतोय, तर आत भिरूड, म्हणजे खोडकिडा आहे. त्याची अळी खोड पोखरत जाते आणि मोठमोठ्या फांद्या वाळवते. सुतार त्या अळीसाठी आलेला असतो. त्याला दगड मारून हाकलण्याआधी त्यानं जिथं भोक पाडलं त्याच्या आसपास भुशाची छिद्रं शोधा, म्हणजे उपाय नेमका कुठं करायचा ते कळेल. निरोगी खोडावर अधूनमधून चार ठोके पडल्यानं झाड मरत नाही. तुमच्या वहीत एक पान या भोकांसाठी ठेवा: झाड, उंची, भुसा होता की नाही. एका हंगामात ते पान शेजाऱ्याला दाखवता येईल इतकं भरतं.

पिल्लं उडून गेल्यावरही त्या ढोलीकडे पाठ फिरवू नका. बरेचदा पुढच्या वर्षी तिच्यात पोपट, साळुंकी, दयाळ किंवा पिंगळा राहायला येतो, आणि काही वेळा तर साळुंकी किंवा पोपट सुतार अजून आत असतानाच भांडून ती बळकावतात. कोण आलं, सुतारानं प्रतिकार केला का, नवी ढोली किती दिवसांनी आणि जुनीपासून किती अंतरावर कोरायला घेतली, याच्या तारखा त्याच पानावर पुढं लिहीत जा.